चिंचोके कुणाचे

चिंचोक्याला भाव असतो हे मला मोठीआईनं सांगितलं तेव्हा मी तिसरीत होते. तोवर चिंचोका म्हणजे शहाबादी फरशीवर खसाखसा घासायचा आणि तापला की शेजारच्या पोराच्या दंडाला टेकवायचा, एवढंच मला ठाऊक. त्या दिवशीही ओसरीत माझा तोच उद्योग चालला होता. चिंचेच्या ढिगापलीकडून मोठीआई बघत होती.

"कामून घासायलीस माय? पैशाची वस्तू हाय ती."

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांची आई. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, मानवतच्या पुढं. ही गोष्ट १९८३-८४ च्या सुमाराची. घरामागं चिंचेचं एक थोराड झाड होतं. पुढं आमच्या मराठवाडा कृषी विद्यापीठानं चिंचेचं 'प्रतिष्ठान' नावाचं वाण काढलं, तेव्हा चिंचेलाही वाण असतं याचंच मला नवल वाटलं होतं. आमच्या झाडाला वाण-बिण काही नव्हतं. घरात त्याला 'आंबटढाण' म्हणत.

माघ सरता सरता दादा, म्हणजे माझे वडील, दोन गडी लावून चिंचा झोडपून घ्यायचे. मग पुढचे पंधरा दिवस ओसरीत बायकांची बैठक. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या आणि चिंच दगडावर ठेवून लाकडी मोगरीनं बेतानं ठोकायची. जोरात बसली तर चिंचोका फुटतो, हळू बसली तर चिंच त्याला सोडत नाही. मीठ लावलेले गोळे रांजणात जात. वरकड चिंच मानवतच्या बाजाराला, आणि तिचे पैसे दादांच्या खिशात. टरफलं चुलीला. चिंचोके मात्र कोपऱ्यात पोत्यावर पडून राहायचे. त्यांचं काय करायचं हे कुणी विचारत नसे. ते मोठीआईचे. असं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण आईनं किंवा काकूनं त्या पोत्याला कधी हात लावलेला मी बघितला नाही.

गावात गिऱ्हाइकं दोन. एक किराणावाला. तो पोती साठवून शहरात धाडायचा. गिरणीत सुताला खळ द्यायला चिंचोक्याचं पीठ लागतं, हे मला पुष्कळ पुढं कळलं. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे वेशीकडची घोंगडी विणणारी धनगरांची दोन घरं. तेही लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायचे. नवी घोंगडी अशी ताठ असते, ती त्या खळीमुळंच. मोठीआईला दोन्हीकडचे भाव पाठ होते. पण ती स्वतः दुकानाची पायरी चढणं शक्य नव्हतं. म्हातारी चिंचोके विकायली म्हणजे लेक पोसत नसणार, असं गाव म्हणालं असतं. म्हणून मी.

"रुपयातले चार आणे तुझे, बारा आणे माझे," तिनं सांगितलं.

मी कुरकुरले. फोडणार मी, नेणार मी.

"झाड माझं, अक्कल माझी. वझं तेवढं तुझं."

चार आण्यांत तेव्हा आठवडी बाजारात भेळभत्त्याचा पुडा यायचा. आणखी काही यायचं का ते आता आठवत नाही, कारण मी दुसरं काही घेतलंच नाही.

मोठीआईचा हिशेब हा एक वेगळाच प्रकार होता. तिचं लग्न आणि बाळंतपणं निजामाच्या राज्यातली. त्या राज्याचा स्वतःचा पैसा होता, त्याला हाली म्हणत. इंग्रजांचा रुपया तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, हाली पैसा मात्र पुढं काही वर्षं चालत राहिला, आणि १९५७ ला नवे पैसे आले. शेर जाऊन किलो आले ते निराळंच. एवढ्या बदलांतून पार झालेल्या बाईला किराणावाला काय फसवणार? मी पैसे आणून दिले की ती डोळे मिटून मनात काहीतरी उलटसुलट करायची आणि म्हणायची, "पाच पैसे कमी हाईत. जा परत." आणि ते खरंच कमी असायचे. लाज मात्र मला वाटायची.

हे पैसे ती चंचीत ठेवायची, पानसुपारीच्या मागच्या कप्प्यात. तिथं एक चारमिनार छापलेला चांदीचा रुपयाही होता. "ह्यो चालत न्हाई," असं ती दर वेळी सांगायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची. चंचीत किती आहेत हे दादांनाही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि मी सांगितलं नाही. शाळेत तेव्हा संचयिका होती. दहा-दहा पैसे गुरुजींकडं भरायचे आणि त्याची वहीत नोंद व्हायची. मी तिला म्हटलं, तूही माझ्या नावावर भर. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी पैसे विहिरीत टाकायला सांगितले.

चिंचोके टाकायचे नाहीत यामागं आणखी एक कारण होतं, ते तिनं एकदाच सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी ते भाजून, भिजवून, उकडून खाल्ले होते. "खडीवर सुकडी मिळायची, पण ती लेकरायला," ती म्हणाली, आणि पुढं बोलली नाही.

तिच्या हाताखाली माझी नजर तयार झाली. घरातल्या ज्या वस्तूचा हिशेब होतो तिच्याकडं बघायचंच नाही. दूध, ज्वारी, कापूस, सरकी यांना मालक होते. बघायचं ते हिशेबाबाहेरचं. एकदा असं बघायला लागलं की घर निराळंच दिसायला लागतं.

जेष्ठ-आषाढात लिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडायचा. त्या गोळा करायच्या, राखेत चोळून गर काढायचा, धुऊन वाळवायच्या. पिशवीभर ओल्या निंबोळ्या वाळल्या की ओंजळभर होतात, हा धंद्यातला माझा पहिला घाटा. आईच्या, काकूच्या विंचरलेल्या केसांचे गुंते भिंतीच्या फटीत खोचलेले असत. केसांवर फुगे देणारा आला की ते माझे. याचे रोख पैसे मिळत नसत, पण फुगा धाकट्या भावाला भाड्यानं देता येत असे. (तो भाऊ आज सोसायटीचा चेअरमन आहे आणि ही गोष्ट अजून काढतो.) एप्रिलमध्ये निकाल लागला की बालभारतीची पुस्तकं खालच्या वर्गाला अर्ध्या किमतीत. कव्हर फाटलं असेल तर पाव किमतीत. म्हणून मी वर्षभर पुस्तकं इतकी जपायची की गुरुजी माझं उदाहरण देत. कशासाठी जपते हे त्यांना माहीत नव्हतं.

रविवारी दादा खाटेवर पालथे पडायचे आणि मी त्यांच्या डोक्यातले पांढरे केस उपटायची. दहा केसांना पाच पैसे, ॲल्युमिनियमचं ते चौकोनी नाणं. एक केस मधून तोडून दोन दाखवता येतात हे मला दुसऱ्या रविवारी कळलं. दादांना ते पहिल्याच रविवारी कळलेलं होतं, असं आता वाटतं. चाळिशी उलटली तसा धंदा वाढला, मग पंचेचाळिशीला त्यांनी तो बंदच केला. "आता काळे मोजायला ये," म्हणाले.

खरी मेहनत शेंगांची. तेव्हा आमच्या शिवारात भुईमूग भरपूर असायचा. मृगाच्या आधी बियाण्याच्या शेंगा फोडायला घरोघर पोत्यानं दिल्या जात. यंत्रातून काढलेला दाणा दुभंगतो, नाहीतर त्याचं लाल साल निघतं, आणि साल निघालेला दाणा मातीत कुजतो. म्हणून बोटांनीच फोडायचं. शेंगेचं टोक अंगठ्यानं दाबायचं, 'टक्' झालं की दोन्ही दाणे सालासकट ओंजळीत. शंभर शेंगांपर्यंत मजा वाटते. संध्याकाळी अंगठा ठणकायला लागतो, दुसऱ्या दिवशी नखाच्या कडेला भेग पडते, तिसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडताना डोळ्यांत पाणी. मजुरी दाण्यांच्या मापावर. शेंगा मापून द्यायच्या आणि दाणे मापून घ्यायचे, त्यामुळं खाल्लं तर पकडलं जायचं. गल्लीतल्या एका मालकिणीला मापाचाही भरवसा नसे. ती आम्हा पोरांना ओळीनं बसवून गाणी म्हणायला लावायची. गाताना चावता येत नाही. भोंडल्याची गाणी मी वैशाखात पाठ केली, ती अशी.

आता तिकडं गेलं की भुईमूग औषधालासुद्धा दिसत नाही. सगळ्या रानात सोयाबीन.

आणि भुईमुगावरूनच एक गोष्ट सांगायची आहे. खरं तर हा लेख मी तिच्यासाठीच लिहायला बसले, बाकी चिंचेनं वाढवलं.

आश्विनात आमच्या रानातला भुईमूग उपटून झाला होता. उपटताना काही शेंगा तुटून मातीत राहतात. खुरप्यानं उकरून त्या वेचायच्या, तो सरवा. मजुरांच्या बायका आणि त्यांची पोरं रानभर पसरली होती. मीही पत्र्याचा डबा घेऊन उतरले. आमचंच रान, मला कोण अडवणार? माझी नजर तयार होती, हात हलका होता. दुपारपर्यंत डबा अर्धा भरला. शेजारी माझ्याच वर्गातली एक मुलगी वेचत होती. तिच्या ओट्यात माझ्या निम्म्याही शेंगा नव्हत्या, कारण मी तिच्यापुढं पुढं चालत होते.

मोठीआई बांधावर उभी होती. तिनं हाक मारली नाही. ढेकळं तुडवत स्वतः आली, माझ्या हातातला डबा घेतला आणि त्या मुलीच्या ओट्यात उलटा केला. ती मुलगीच घाबरली.

घरी येईस्तोवर मी रडत होते. "आपल्या रानातला होता," मी म्हणाले.

"आपल्या रानातला सरवा आपला नसतो."

"मग कुणाचा?"

"ज्याला रान न्हाई, त्याचा."

ज्या बाईनं मला पाच पैशांसाठी दुकानात परत पाठवलं, ती असं म्हणाली म्हणून मला जास्त राग आला. चार दिवस मी तिचे चिंचोके नेले नाहीत. पाचव्या दिवशी तिनं वाटा सहा आण्यांवर नेला. माफीबिफी नाही, बाजारभाव वाढवल्यासारखा.

आता आमची धाकटी. वय अकरा, राहणार परभणी, चौथा मजला. तिला चुंबक बसवलेला एक रुबिक क्यूब पाहिजे, साडेसहाशे रुपयांचा. घरात एक साधा क्यूब आहे, तो आडकतो म्हणे. मी म्हटलं, साठव आणि घे. तर दुसऱ्या दिवशी फ्रिजवर कागद. गादी आवरणे ५ रुपये, भांडी लावणे १०, कपड्यांच्या घड्या १०, दळण आणणे १५ (लिफ्ट बंद असल्यास २०). नवरा हसला आणि पाकिटाकडं हात नेला. मी कागद काढला. घरच्या कामाला पैसे मिळणार नाहीत, जेवायचे मी मागते का?

"मग मावशींना का देतेस?"

"त्या आपल्या घरच्या नाहीत म्हणून."

बोलून गेले, आणि मग भांडी घासणाऱ्या मावशींकडं बघवेना. त्या इथली सहा घरं करून आपल्या घरी जातात आणि तिथलीही भांडी घासतात. त्यांचं दरपत्रक कुठल्या फ्रिजवर लावायचं? धाकटीला मी यापेक्षा बरं उत्तर अजून दिलेलं नाही. घरकामाला पैसे द्यायचे नाहीत, या मतावर मी तरीही ठाम आहे. मतं अशी असतात.

मग ती माझ्याच वाटेनं निघाली, मी काही न शिकवता. हिशेबाबाहेरचं शोधायला लागली. पण फ्लॅटमध्ये हिशेबाबाहेर काय उरतं? पेपर आम्ही बंद केला. पुस्तकं शाळेत फुकट मिळतात. केस आता गळतात जास्त, पण ते बाथरूमच्या जाळीत जातात. बापाच्या डोक्यावर पांढरे काय, एकूणच माल कमी. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवल्या तर महिन्याला पाच-दहा रुपयांवर हिशेब जाईना.

आणि मग तिला खोकी दिसली. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक दाराबाहेर. शाळेतून येताना तिनं सहा मजले फिरून गोळा केली, सपाट केली, सुतळीनं बांधली. भंगारवाल्यानं पहिल्या खेपेला अठ्ठेचाळीस रुपये दिले. मला इतका अभिमान वाटला की मी माहेरी फोन करून सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात वॉचमनची बायको दारात आली. पार्किंगला लागून असलेल्या खोलीत ती दोन लेकरांना घेऊन राहते, पालमकडची आहे.

"ताई, खोकी बेबी न्यायलीय व्हय?"

"हो, का गं?"

"काही न्हाई. मला वाटलं बाहेरचं कुणी घुसायलंय. न्हेऊ द्या, न्हेऊ द्या."

आणि गेली. दार लावून मी चहा टाकला, चहा प्याले, वह्या तपासायला बसले. रात्री नऊ-साडेनऊला, एका पोराचा अपूर्णांक तपासताना, मला ती ढेकळं तुडवत येताना दिसली. वॉचमनची बायको नव्हे.

सकाळी मी धाकटीला सरव्याची गोष्ट सांगितली. तिनं पूर्ण ऐकली. मग विचारलं, "पण शेत तुमचंच होतं ना?" आणि मग, "मग खोक्यांचे आधीचे पैसे पण द्यायचे का?" यावर मोठीआई काय म्हणाली असती, मला खरंच सांगता येत नाही. ते पैसे तिच्याकडंच राहिले. बांधलेला नवा गठ्ठा मात्र तिनं स्वतः खाली नेऊन दिला आणि वर येऊन पाय आपटत विचारलं, "मग माझं काय?"

तिचं काय, हे माझ्या आईनं सोडवलं. ठरवून नव्हे. आई गावी भावाजवळ असते. फेब्रुवारीत मोतीबिंदूसाठी आमच्याकडं महिनाभर राहायला आली. दादांच्या माघारी दोन एकर तिच्या नावावर आहे, त्यामुळं पीएम किसानचे दोन हजार वर्षातून तीनदा तिच्या खात्यावर पडतात. पडले की फोनवर मेसेज येतो. मेसेज वाचायला गल्लीतल्या पोराला बोलवावं लागतं आणि संध्याकाळपर्यंत आळीला कळतं की काकूचे पैसे पडले. मग कुणाला उसने पाहिजेत, कुणाला नातवाची फी भरायचीय. आईचं दुःख दोन हजारांचं नव्हतं. ते सगळ्यांना कळतं याचं होतं.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर तिनं धाकटीला बोलावलं. "मला ह्यातलं शिकीव. पण तुझ्या मायला सांगू नको."

धाकटीनं दर सांगितला. तासाला पाच रुपये.

"आन् इसरले तर?"

"विसरलीस तर तेवढं परत फुकट शिकवीन."

आजीचं शिक्षण चौथी. मराठी आकडे खणखणीत, इंग्रजी आकड्यांशी मात्र आयुष्यात संबंध आला नाही. बँकेचा मेसेज इंग्रजीत. म्हणून धाकटीनं फोन बाजूला ठेवून आधी पाटी घेतली. इंग्रजी दोन आपल्या दोनासारखाच असतो, फक्त खाली शेपूट सरळ करतो. शून्य दोन्हीकडं शून्यच. पण इंग्रजी आठ म्हणजे आपला चारच, वरचं तोंड तेवढं मिटलेला, असं आजीचं म्हणणं पडलं आणि त्यावर बराच वाद झाला. आतल्या खोलीतून मला सगळं ऐकू येत होतं. मला सांगायचं नव्हतं, म्हणून मी ऐकलं नाही. रोज तास संपला की आई कमरेची पिशवी काढायची आणि पाचाचं नाणं द्यायची. जुन्या चार आण्याएवढंच महत्त्वानं. चार आणे तर २०११ च्या जूनअखेर चलनातून गेले. माझ्या डब्यात अजून सात आहेत. ते चालत नाहीत.

एका दुपारी फोन वाजला आणि आतून आवाज आला, "दोन... शून्य... शून्य... शून्य. अगं, पडले की!" मग कुजबूज. मग धाकटी बाहेर येऊन इतक्या साळसूदपणे पाणी प्यायली की मला हसू आवरेना.

आई येताना पिशवीभर चिंच घेऊन आली होती, त्याच झाडाची. परवा रविवारी आम्ही तिघी हॉलमध्ये जुनी चादर पसरून फोडायला बसलो. मोगरी नव्हती, खलबत्त्यातला बत्ता घेतला. एका बाजूला चिंच, एका बाजूला टरफलं, मध्ये चिंचोके. धाकटीचं लक्ष मधल्या ढिगावर.

"चिंचोके कुणाचे?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मी बत्त्याकडं.

"फोडील त्याचे," आई म्हणाली.

धाकटीनं लगेच मोबाइलवर बाजार समितीचा भाव काढला. भाव क्विंटलचा होता. आमचे भरले किलोभर. ती पिशवी घेऊन खालच्या किराणा दुकानात गेली आणि पाच मिनिटांत परत आली. दुकानदारानं आधी ओळखलंच नाही की हे काय आहे. ओळखलं तेव्हा म्हणाला, लहानपणी खायचो आम्ही, आणि एक तोंडात टाकला. तेवढ्यावर पैसे दिले नाहीत.

"टाकून देऊ?" मी विचारलं.

"ठिव," आई म्हणाली.

दुपारी मी वह्यांचा गठ्ठा घेऊन बसले होते. बाल्कनीत खसाखसा आवाज येत होता. मला तो ओळखीचा वाटला पाहिजे होता, पण सातवीची उत्तरं वाचताना माणूस बधिर होतो. डाव्या दंडाला असा चटका बसला की हातातला लाल पेन उडाला.

"कुणी शिकवलं हे तुला?"

"आजीनं," ती दारापर्यंत पळत जाऊन म्हणाली. "पैसे नाही घेतले तिनं."